भाऊंचे बुणगे, नेपियरचे बुणगे

दर जानेवारीत आमच्या सांगलीच्या ग्रुपवर पानिपत पेटतं. यंदा १४ तारखेला सकाळी सातलाच पेटलं, म्हणजे माझ्याकडे ब्रिटनमध्ये रात्री दीड. वाद शेवटी येतो तिथेच आला: बाजारबुणग्यांनी बुडवलं हो, नाहीतर इंग्रजांची फौज बघा, सुटसुटीत, शिस्तीची.

हे लिहिणाऱ्या दादांनी इंग्रजांची फौज कुठे पाहिली, देव जाणे. मी पाहते. लायब्ररीत, फुकट. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चे १८६८चे अंक काढायचे आणि बसायचं. ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजा थिओडोरने कैदेत टाकलेले युरोपीय सोडवायला मुंबईहून फौज गेली होती. सेनापती रॉबर्ट नेपियर. सैनिक साधारण १३,०००. आणि बुणगे? साधारण २६,०००! वर तोफा वाहायला ४४ हत्ती. घ्या सुटसुटीत.

खरी लढाई दोन दुपारींत आटोपली, त्यामुळे चित्रकारांच्या वाट्याला आला तो तळ. राहुट्यांच्या रांगा, पखाल घेऊन वाकलेला भिश्ती, खेचरांवर ओझी चढवणारी माणसं, हत्तीपाशी माहूत. रेखाटन तिकडून टपालाने यायचं आणि लंडनमध्ये लाकडी ठोकळ्यावर कोरलं जायचं. माहूत कधी न पाहिलेल्या कारागिरांनी सगळ्यांना एकच चेहरा दिलाय असं मला तरी वाटतं. साहेबांच्या मिशा मात्र वेगवेगळ्या.

शिस्तीचं म्हणाल, तर तांबड्या समुद्रावरच्या झुला बंदरावर उतरवलेली खेचरं तहानेने आणि रोगाने हजारोंनी मेली. तरी फौज तगली, कारण जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करत होते, किनाऱ्यापासून आत रेल्वे टाकली होती, आणि गावकऱ्यांकडून धान्य रोख चांदीच्या नाण्यांत घेत होते. भाऊंची रसद अब्दालीने तोडली होती. उपाशी फौजेत बुणगे जड होतात, पोट भरलेल्या फौजेत त्यांच्यावाचून पान हलत नाही. एवढं साधं आहे, पण सांगलीत कोण ऐकणार? इथे निदान अंक जपून ठेवलेत.

अर्थात मी ती चित्रं बघते ती काही पानिपतासाठी नाही. इथल्या कुठल्याही जुन्या चित्रात आपलं कोणी दिसतंय का, हे शोधायची खोडच लागलीय. माहूत दिसला की छाती फुगते. बघा, आमच्याशिवाय तुमचं हललं नसतं.

त्याच उत्साहात ऑफिसमधल्या एका इथिओपियन सहकाऱ्याला फोनवर ते हत्ती दाखवले. आपण दोघंही साहेबाच्या तावडीतून सुटलेले, असा माझा हिशेब. तो थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "तोफा मगदालाला आणल्या त्या यांनीच ना?" मगदाला म्हणजे थिओडोरचा डोंगरी किल्ला, त्याने तिथेच स्वतःला गोळी घातली. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला, अलेमायेहूला, इंग्लंडला आणलं, तो १८व्या वर्षी वारला, विंडसरला पुरलाय. २०२३मध्ये अवशेष परत मागितले, तर राजवाड्याने नाही म्हटलं. हे सगळं त्याने जेवताना शांतपणे सांगितलं.

"ते बिचारे पोटासाठी आले होते," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी कौन्सिल टॅक्स भरते," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.