अलॉय चाक, रुंद टायर आणि रिमवरचे ओरखडे

मोटारसायकलस्वारांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘स्पोकची चाके काढून अलॉय बसवा, गाडी हलकी होते, टायर एक माप रुंद घ्या, पकड वाढते, आणि टायर चढवताना रिमला ओरखडे येतातच, ते मनावर घेऊ नका.’ या भरवशावर लोक बराच पैसा खर्च करतात, पण यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

पहिला मुद्दा वजनाचा. अलॉय म्हणून मिळणारी बहुतेक चाके ओतीव असतात आणि ताकदीसाठी ती जाड ठेवावी लागत असल्याने ॲल्युमिनियम रिमच्या स्पोक चाकापेक्षा पुष्कळदा जडच भरतात. घडीव चाके हलकी असतात, पण फार महाग. अलॉयचा खरा लाभ वेगळा आहे: रिमला स्पोकची भोके नसल्याने ट्यूबलेस टायर बसतो आणि खिळा घुसला तरी हवा बहुधा एकदम जात नाही. त्यासाठी चाक जरूर बदलावे. मात्र ॲक्सलची जाडी, बेअरिंग, स्पेसर, ब्रेकच्या डिस्कची जागा, चेनची सरळ रेषा आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास चाकाचा वेग ओळखण्यासाठीची त्याची कडी हे सगळे जुळते का, ते आधी मोजून घ्यावे.

दुसरा मुद्दा रुंदीचा. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा बाजूच्या उंचीचा (टक्के) आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा (इंच) असतो. 90/90-17 च्या जागी 100/90-17 घातला, तर रुंदी 10 मिलिमीटरने वाढते, शिवाय बाजूची उंची रुंदीच्या टक्केवारीत मोजली जात असल्याने एकूण व्यास सुमारे 594 वरून 612 मिलिमीटर होतो, म्हणजे 3 टक्के वाढतो. ज्या चाकावरून वेग मोजला जातो त्याचा टायर असा बदलल्यास, काटा आधी अचूक असला तर खऱ्या 60 च्या वेगाला तो 58 दाखवेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अरुंद रिमवर रुंद टायरच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा अधिक टोकदार होतो आणि सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा अपेक्षेइतका रुंद होत नाही. पकड मुख्यतः रबराच्या प्रतीवर आणि हवेच्या योग्य दाबावर ठरते. टायर कंपनी प्रत्येक मापासाठी रिमची चालणारी रुंदी देते. ती मर्यादा ओलांडू नये.

ओरखड्यांचे तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते चुकीच्या कामाला नशिबाचे नाव देते. माझ्या मागच्या चाकाचा टायर एकदा वंगण न लावता, कोरड्या कडेवर लांब लिव्हर (टायर चढवण्याची लोखंडी पट्टी) घालून, अंगाचा सगळा भार टाकून चढवला गेला; त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हवा उतरू लागली, आणि टायर काढल्यावर बीड (टायरची रिममध्ये बसणारी जाड कड) जिथे टेकते नेमक्या त्या जागी खोल चरा दिसला. ट्यूबलेस चाकात हवा त्याच जागी अडवलेली असते, त्यामुळे तिथला ओरखडा केवळ दिसण्यापुरता नसतो.

बीडमध्ये पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. तिचा घेर रिमच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असतो, म्हणूनच रिमचा मधला भाग खोलगट ठेवलेला असतो: लिव्हरच्या समोरच्या बाजूची बीड गुडघ्याने त्या खोलगट भागात दाबून धरली की या बाजूला हवी तेवढी ढील मिळते. जोर लागतो आहे असे जाणवले, तर समोरची बीड वर सरकली आहे असे समजून थांबावे. तसाच रेटा दिला तर रिमची कड तरी तुटते किंवा बीडची तार तरी, आणि तार तुटलेला टायर टाकूनच द्यावा लागतो. ट्यूब असेल तर बीडचा शेवटचा तुकडा व्हॉल्व्हजवळ यावा, कारण व्हॉल्व्हपाशी ट्यूबच्या बुडामुळे बीड खोलगट भागात नीट उतरत नाही. लिव्हर लहान घ्यावेत, दर वेळी थोडेच उचलावे आणि रिमवर प्लास्टिकची संरक्षक पट्टी ठेवावी. बीडला टायरसाठीचेच वंगण किंवा साबणाचे दाट पाणी लावावे. ग्रीस आणि इंजिन ऑइल रबर खराब करतात. यंत्रावर काम होत असले तरी हेच नियम लागू पडतात. चाक डिस्कच्या बाजूवर कधीही टेकवू नये, डिस्क वाकते.

चढवण्याआधी टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा. बीड बसवताना कंपनीने दिलेली दाबाची मर्यादा, जी पुष्कळदा 40 पीएसआय असते, ओलांडू नये. बीड बसल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. तशी दिसली नाही, तर दाब वाढवत न बसता हवा सोडावी, पुन्हा वंगण लावावे आणि नव्याने भरावी.