वृद्धसेवा आणि 'धंदा' : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ज्येष्ठांच्या देखभालीसाठी नवे उद्योग उभे राहावेत असे कोणी सुचवले, की एक ठरावीक मजकूर नागपुरातल्या घराघरांतील मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : आई-वडिलांची सेवा हा संस्कार आहे, धंदा नव्हे, आपल्याकडे कुटुंब असल्यामुळे विकतच्या सेवेची गरज नाही, जे निराधार आहेत त्यांच्यासाठी सरकारी योजना आहेत, आणि स्टार्टअप म्हणजे श्रीमंतांसाठी काढलेली महागडी ॲप्स. यांपैकी शेवटच्या विधानात काही तथ्य आहे. पहिली तीन मात्र तपासल्यावर टिकत नाहीत.

कुटुंबाचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. बहुसंख्य ज्येष्ठ आजही मुलाबाळांसोबत राहतात, हे खरे आहे. परंतु मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे 6 टक्के लोक एकटे, तर सुमारे 20 टक्के केवळ जोडीदारासोबत राहत असल्याचे आढळले. म्हणजे चौघांतील एकाच्या घरात तरुण माणूस नाही. नोकरीसाठी मुले पुणे, हैदराबाद, बंगळुरूला गेलेली आणि लक्ष्मीनगर-प्रतापनगरच्या दुमजली घरात दोघेच उरलेले, हे चित्र नागपूरकरांना नवीन नाही. शिवाय एका छताखाली राहणे म्हणजे देखभाल होणे नव्हे. मुलगा आणि सून दोघेही सकाळी साडेनऊला बाहेर पडत असतील, तर दुपारचे इन्सुलिन कोण देणार, हा प्रश्न एकत्र कुटुंबातही उरतोच.

आता संस्काराकडे वळू. ज्या कामाला हे थोर नाव दिले जाते ते प्रत्यक्षात करते कोण? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी 134 मिनिटे देतात आणि पुरुष 76 मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरले आहे. विनामोबदला घरकामात हे अंतर 299 आणि 97 मिनिटे इतके रुंदावते. संस्काराची भाषा बहुधा पुरुष करतात आणि पथ्याची खिचडी सून शिजवते, हे कटू असले तरी आकडे त्याच बाजूचे आहेत. दुसरे असे की सेवा आजही विकत घेतली जातेच. शहरात घरी देखभालीसाठी माणसे पुरवणारे ब्यूरो आहेत, त्यांच्याकडून बारा किंवा चोवीस तासांसाठी बाई येते, तिचा पगार ठरतो, त्यात ब्यूरोचा वाटा असतो. अनेकदा तिला कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नसते, तिच्या कामाची लेखी यादी नसते आणि तिच्या सुट्टीचाही कोणी विचार केलेला नसतो. तेव्हा बाजार हवा की नको, हा वाद मागे पडला आहे. असलेला बाजार प्रशिक्षित आणि उत्तरदायी कसा करायचा, यावर बोलले पाहिजे.

प्रेमाने भागत नाही अशी कामेही या देखभालीत आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही तर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ शकतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने 'मला घरी जायचे आहे' असे स्वतःच्याच घरात बसून म्हटले, तर त्याच्याशी वाद न घालता त्याला शांत कसे करायचे, हे शिकावे लागते. देशात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. हे शिक्षण घेणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असे म्हणणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेनेच करावी अशी रूढी असलेल्या त्या देशाने 2000 साली दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आणला आणि चाळिशीपासून प्रत्येकाला त्यात वर्गणी भरायला लावली.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. निराधार ज्येष्ठांसाठी राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1500 रुपये चोवीस तासांच्या बाईच्या पगाराजवळही पोहोचत नाहीत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढील सर्वांना खुले झालेले आयुष्मान कार्ड 5 लाखांपर्यंतचा रुग्णालयातील खर्च उचलते, पण सुट्टी होऊन घरी आल्यानंतरची देखभाल त्यात बसत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याखाली न्यायाधिकरण मुलांना निर्वाहभत्ता द्यायला लावू शकते. रात्री उठून औषध देणारे माणूस त्याला कोणाच्या घरी पाठवता येत नाही.

राहिला ॲपचा आक्षेप, आणि तो मला बराचसा मान्य आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 2021 मध्ये 'सेज' नावाने ज्येष्ठांसाठीच्या स्टार्टअपना 1 कोटीपर्यंत भागभांडवल देण्याची योजना आणली, ती चांगलीच आहे. पण पडल्यावर घंटी वाजवणारे घड्याळ कितीही हुशार असले, तरी घंटी ऐकून धावणारे कोणी जवळ नसेल तर त्याचा उपयोग काय? मात्र उद्योजकता म्हणजे केवळ ॲप नव्हे. केरळमध्ये कुटुंबश्री या राज्य सरकारच्या महिला बचत गट मोहिमेने 'हर्षम' उपक्रमातून बायकांना वृद्धसेवेचे प्रशिक्षण देऊन त्यांना त्याच कामात उभे केले. नागपुरातल्या बचत गटांना हे जमणार नाही असे मानायला कारण नाही. इथे तर पहिले काम उन्हाळाच नेमून देतो. वय वाढले की तहान कमी लागते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी घटते, आणि पारा 45 अंशांपलीकडे गेलेला असताना कूलरच्या टाकीत बादलीने पाणी भरणे पंचाहत्तरीच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. एप्रिल ते जून रोज एक फेरी मारून टाकी भरणारी, पाणी पाजणारी, रक्तदाब मोजून वहीत लिहिणारी आणि काही वेगळे दिसल्यास मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करणारी सेवा मासिक वर्गणीवर चालू शकते. पेन्शन असलेली घरे ती वर्गणी भरतील. ज्यांचे उत्पन्न श्रावणबाळच्या 1500 रुपयांपुरते आहे त्यांच्या घरच्या फेऱ्या महापालिकेने त्याच गटांकडून विकत घ्याव्यात. तो खर्च ग्राहकावर टाकला, तर ॲपवर घेतलेला आक्षेप या गटांनाही लागू होईल.