फाईल पुट अप केलीय

माझ्या वडिलांचं नाव अनंत. प्रॉपर्टी कार्डावर ते 'अंनत' असं आलं. चूक केवढी, तर एक टिंब एक घर डावीकडे बसलं. ते उजवीकडे सरकवून मिळावं म्हणून मी अर्ज केला, शपथपत्र जोडलं, वडिलांच्या आधारची झेरॉक्स लावली आणि आवक क्रमांक घेऊन घरी आलो. आठवड्याने चौकशीला गेलो, तर भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमची फाईल पुट अप केलीय."

'केलीय' म्हटल्यावर मी खूश. बाहेरच्या टपरीवर स्वतःच्या पैशाने दोन चहा प्यायलो.

आपल्या राज्यात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. त्यामुळे कागदावर टिप्पणीच्या शेवटी 'मान्यतेस्तव सादर' असं सोवळ्यातलं मराठी असतं. तोंडात मात्र पुट अप. यात मोठी अक्कल आहे, हे मला नंतर कळलं. 'सादर केली' म्हटलं की समोरचा विचारतो, कोणाला? कधी? 'पुट अप'ला कोणी काही विचारत नाही. इंग्रजीत आहे म्हणजे झालं असणार!

महिन्याभराने माझी फाईल प्रत्यक्ष दिसली. साहेबांच्या टेबलावर गठ्ठा होता आणि आधारच्या झेरॉक्सचा दुमडलेला कोपरा बाहेर आलेला होता, म्हणून ओळखली. वरून चौथी. पुढच्या खेपेला खालून तिसरी. पुट अप झालेली प्रत्येक फाईल आधीच्या फाईलच्या डोक्यावर बसते, त्यामुळे जी जितकी लवकर 'अप' होते ती तितकी खाली जाते. साहेब दौऱ्यावर होते. मग मीटिंगला होते. मग त्यांचा चार्ज दुसऱ्या साहेबांकडे गेला आणि गठ्ठा जागच्या जागी राहिला.

शेवटी मी धीर करून २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा काढला. म्हटलं, "भाऊसाहेब, साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल टेबलावर ठेवता येत नाही."

"माझ्या टेबलावर आहे का?" त्यांनी हात फिरवून टेबल दाखवलं. खरोखरच लख्ख होतं. "मी पुट अप केलीय ना!"

मध्यंतरी ती एकदा खाली आली म्हणे, 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन. एका टिंबावर काय चर्चा झाली असेल देव जाणे. पण झाली, आणि फाईल पुन्हा पुट अप झाली.

घरी लेकीची नववीची परीक्षा. ती मोठ्याने पाठ करत होती : पुट अप म्हणजे उभारणे, पुट अप विथ म्हणजे निमूटपणे सहन करणे. म्हणजे फाईल नुसती पुट अप होते आणि अर्जदाराच्या वाट्याला 'विथ' येतं. मी हे तिला समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, हे पोर्शनला नाहीये."

पण कान माझ्या फोनकडे असणार. वाक्यात उपयोग करा या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, 'माय फादर्स फाईल इज पुट अप.' बाईंनी अर्धा मार्क कापून बाजूला लाल शाईने विचारलं होतं, 'व्हेअर?'

ती वही झेरॉक्स काढून अर्जाला जोडावी असं माझ्या मनात आहे.