स्थगित सभेचा सचिव

आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापक संघटनेच्या शाखेचा मी सचिव कसा झालो? तर मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब विचारला म्हणून. स्टाफरूममध्ये सहज विचारला होता. माजी सचिवांनी कपाट उघडलं, साडीच्या दुकानाची एक कॅरीबॅग काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या सर, आता तुम्हीच बघा." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. झाली निवडणूक. बिनविरोध.

पिशवीत हिशेब नव्हता. अर्धं फाडलेलं पावतीपुस्तक, वाळून खडंग झालेलं शाईचं पॅड, रबरी शिक्का आणि इतिवृत्ताचं रजिस्टर, एवढाच काय तो ऐवज. शिक्क्यातला 'प्रा' झिजलाय, त्यामुळं कागदावर 'ध्यापक संघटना' उमटते. रजिस्टर मात्र वाचण्यासारखं. 2013 साली राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता, 4 फेब्रुवारी ते 10 मे. त्या तीन महिन्यांत पानं भरभरून ठराव, भाषणं, सह्यांना समास पुरत नाही. मग 71 दिवसांचा पगार अडकला आणि आमच्या इतिवृत्ताची भाषा एकदम संयमी झाली. पुढं तर नुसतंच 'चहापानानंतर सभा संपली.'

वर्गणीचा विषय मी दोन ओळींत उरकतो, कारण ती तेवढीच जमली. "पुढच्या पगाराला देतो" या वाक्यातला पगार सातव्या वेतन आयोगाचा असतो, एवढंच नोंदवतो.

खरं दुखणं कोरमचं. सदस्य सत्तावीस, कोरम एक तृतीयांश, म्हणजे नऊ. कुणाच्या सेवानिवृत्तीच्या जेवणाला हेच सत्तावीस जण बायकापोरांसह सत्तर होतात, सभेला चार. शेवटी मला 17 सप्टेंबर सुचला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला प्राचार्य स्वतः उभे असतात, त्यामुळं दांडी मारायची सोय नाही. 1948 साली ज्या दिवशी मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला, त्याच दिवशी प्राध्यापक माझ्या तावडीत सापडतील, असा माझा साधा हिशेब. नोटीस लावली. सकाळी साडेनऊ, खोली क्रमांक सहा.

राष्ट्रगीत संपलं आणि गाड्यांच्या शेडकडं जी धांदल उडाली, ती मी जन्मात विसरणार नाही. मी रजिस्टर घेऊन तिथंच आडवा उभा.

"सर, सोयाबीनवर अळी पडलीय, फवारणीला गडी थांबलाय."

"कुठं जायलाव सर? पाच मिनिटांचं काम आहे."

"आलोच म्हणून समजा की. माझा पाठिंबा हाय."

पाठिंबा सगळ्यांचाच होता. माणसं आठ होती. खोलीत नववे होते ते तासिका तत्त्वावरचे इंग्रजीचे सर, पण ते सदस्य नाहीत. खुर्च्या मांडायला आले होते.

नियमाप्रमाणे सभा अर्धा तास स्थगित. स्थगित सभेला कोरम लागत नाही. हा नियम ज्यानं केला, तो माणूस नक्की कुठल्यातरी तालुक्याच्या गावात सचिव राहिलेला असणार. अर्ध्या तासात चुरमुऱ्यांचं सुशीला आलं, चहा आला, तिघं गेले. उरलेल्या पाच जणांनी सर्वानुमते सभा सुरू केली.

पहिला विषय जुनी पेन्शन. आमच्या स्टाफरूममध्ये माणसाची जात, गाव, विषय कुणी विचारत नाही. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागला का नंतर, एवढंच विचारतात. आधीच्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नवी. आमच्याकडं दोघं मित्र आहेत. एकाच मुलाखतीतले, एकाच दिवशी ऑर्डर हातात पडलेले. एक त्याच आठवड्यात रुजू झाले. दुसरे म्हणाले, दिवाळी तोंडावर आलीय, घरचे लाडू खाऊन जाऊ. त्या साली लक्ष्मीपूजन नेमकं 1 नोव्हेंबरला होतं. तेव्हापासून हे सर दिवाळीत लाडवाला हात लावत नाहीत, आणि पहिले सर दरवर्षी त्यांच्या घरी डबाभर लाडू पाठवतात. मैत्री अजून टिकून आहे, हे विशेष.

दुसरा विषय स्थाननिश्चितीच्या, म्हणजे बढतीच्या, रखडलेल्या फायली. इथं 'आपण' हा शब्द संपतो आणि 'माझी फाईल' सुरू होते. कुणाच्या फायलीला उजळणी वर्गाच्या प्रमाणपत्राची त्रुटी, कुणाच्या फायलीवर नुसतंच 'चर्चा करावी.' ही चर्चा कुणी कुणाशी करायची, यावर पाऊण तास चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर सह्यांसाठी टेबलावर ठेवलं. पाच माणसांच्या सभेला तेवीस सह्या आल्या. फवारणीवाल्या सरांनी सही केली, आधीचं पान उलटून बारकाईनं वाचलं आणि म्हणाले, "माझं भाषण कुठंय?"

"सर, तुम्ही शेतात होतात."

"होतो की. पण असतो तर बोललो असतो ना? लिहा."

आणि त्यांनी सांगितलं. उभं राहून, हातवारे करून. खोटं कशाला बोलू, त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं.

निवेदन टाइप करायची वेळ आली तेव्हा कळलं, की अख्ख्या शाखेत मराठी टायपिंग फक्त एकालाच येतं. तासिकेच्या सरांना. त्यांचा पगार तासावर, तोही आला तेव्हा आला. त्यांना कायम करावं, ही आमची मागणी क्रमांक पाच. सर खाली मान घालून टाइप करत होते, मी शेजारी बसून चहा पीत सांगत होतो. पान भरत आलं. निवेदन एका पानात बसवावं लागतं, कारण साहेब पान उलटत नाहीत.

"सर, पाचवी मागणी पानाखाली जायलीय. एखादी काढू का?"

मी यादी बघितली. पेन्शन काढता येईना, फायली काढता येईनात. फवारणीवाल्या सरांनी खास घालायला लावलेली पार्किंग शेडची मागणी तर अजिबात काढता येईना.

"राहू द्या सर," तासिकेचे सरच म्हणाले. त्यांनी पाचव्या मागणीवर माऊस फिरवला आणि अक्षरं चौदावरून नऊवर आणली. "बघा, बसली."