‘पंक्चर झाला म्हणून टायर बदलू नका’ : मेसेज अर्धाच खरा आहे

नाशिकमधल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पंक्चर झाल्यावर नवा टायर घ्या म्हणणारा दुकानदार तुम्हाला लुटतोय. ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेल्या टायरला) दोरी घाला, म्हणजे भोकात चिकट रबरी दोरी कोंबा, मग टायर संपेपर्यंत बघायला नको. भोक मध्ये असो की बाजूला, फरक पडत नाही. नक्षी शिल्लक आहे तोवर टायर चांगला. ट्यूबलेस असेल तर हवा नसतानाही घरापर्यंत नेता येतो. दोरी टिकलीच नाही तर आत ट्यूब टाका. आणि आधीच टायरमध्ये जेल (भोक आपोआप बुजवणारं घट्ट द्रव) भरून ठेवलंत तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

या मेसेजला एक मुद्दा द्यायलाच हवा. साध्या खिळ्यासाठी नवा टायर गळ्यात मारणारे आहेत. खिळा नक्षीच्या मधल्या पट्ट्यात, भोक 6 मिलीमीटरच्या आत आणि हवा पूर्ण जाण्याआधी लक्षात आलं, तर तो टायर दुरुस्त होतो. तिथे नवा टायर घेणं म्हणजे पैसे फेकणं. गडबड पुढच्या वाक्यांत आहे.

दोरीपासून सुरुवात करू. दोरी घालताना पक्कडीने खिळा उपसतात, भोकात रीमर (भोक साफ करणारी खरखरीत सळई) फिरवतात, सुईच्या नाकात दोरी दुमडून घालतात, सोल्युशन लावून आत दाबतात, सुई झटक्यात बाहेर काढतात आणि वर राहिलेली टोकं कापतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पण या सगळ्यात टायर रिमवरून उतरतच नाही, म्हणजे आत काय झालंय ते कुणीच पाहिलेलं नसतं. ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवतो तो आतल्या बाजूचा ब्यूटाइल रबराचा पातळ थर. दोरी भोक बुजवते, हा थर जोडत नाही. बाहेरून पाणी आणि माती भोकाच्या कडेने रबरातल्या धाग्यांपर्यंत जात राहतात. आपल्या कम्यूटर बाइकच्या टायरांत बहुतेक नायलॉनचे धागे असतात, ते गंजत नाहीत. मोठ्या बाइकच्या काही रेडियल टायरांत मात्र स्टीलचे पट्टे असतात, आणि ते गंजतात.

दुसरा घोटाळा रीमरचा. खिळा तिरका गेला असेल आणि रीमर सरळ घुसवला, तर जुन्या भोकाला लागून दुसरं भोक पडतं आणि चांगले धागे तुटतात. दोरी दोन दिवसांनी गळायला लागली की लोक दोरीला नावं ठेवतात. बऱ्याचदा दोष रीमरच्या कोनाचा असतो. म्हणून खिळा काढण्याआधी तो कुठल्या कोनात आहे ते पाहून ठेवावं आणि रीमर त्याच कोनात घालावा.

कायमची दुरुस्ती आतून होते, मशरूम पॅचने, म्हणजे टोपी आणि दांडा असलेल्या छत्रीसारख्या पॅचने. भोकावर खडूची खूण करायची, व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडायची, बीड (रिमवर बसणारी टायरची कड) सोडवून टायर उतरवायचा. भोकाभोवतीचा आतला थर हलक्या हाताने घासायचा. धागे दिसायला लागले म्हणजे जास्त घासलं. सोल्युशनचा पातळ हात मारून ते बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकू द्यायचं. घाईत नेमकी हीच पायरी गाळतात, आणि ओल्या सोल्युशनवर बसवलेला पॅच गरम झाल्यावर उचलतो. मग मशरूमचा दांडा आतून बाहेर ओढायचा, टोपी रोलरने मधून कडेकडे दाबायची, म्हणजे खाली हवा अडकत नाही. बाहेर आलेला दांडा रबराच्या पातळीला कापायचा. टायर चढवून हवा भरल्यावर पॅच, व्हॉल्व्ह आणि दोन्ही बीडवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघायचे. त्यानंतरचा एक दिवस वेग 80 च्या आत ठेवावा.

रात्री कसारा घाटात अडकलात तर दोरीच घालायची, यात वाद नाही. ती घरी पोचण्यापुरती, एवढंच.

भोक कुठेही असलं तरी चालतं, हा मेसेजमधला सर्वांत धोकादायक दावा. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चाकाच्या प्रत्येक फेरीत दबते आणि सुटते. तिथला पॅच त्या हालचालीने सुटतो, दोरी बाहेर सरकते. कारच्या टायरचा माथा सपाट असतो, बाइकचा गोल. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या वळणांवर बाइक झुकली की जमिनीवर टेकतो तो टायरचा खांदा (नक्षीची साइडवॉलकडची कड), मधला भाग नव्हे. म्हणून खांद्यावर नक्षी असली तरी तिथलं पंक्चर मधल्या पंक्चरइतकं सोपं धरू नये. साइडवॉलला भोक म्हणजे टायर गेला. खांद्यावर असेल तर टायर उतरवून बघितल्याशिवाय कुणी ‘होईल’ म्हणत असेल तर दुकान बदला. पुढच्या टायरबाबत आणखी कडक राहावं, कारण पुढची हवा अचानक गेली की हँडल हातात राहत नाही.

भोकाचा आकारही बघावा लागतो. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत रस्त्यावर लेथमधून निघालेल्या पोलादी गुंडाळ्या पडलेल्या असतात. त्या गोल भोक पाडत नाहीत, चीर पाडतात. बाहेरून चीर बारीक दिसते आणि आत लांब निघते. तिला 6 मिलीमीटरचा नियम लांबीने लावायचा. निफाड-दिंडोरीकडच्या शेतरस्त्यांवर बाभळीचा काटा भेटतो, तो उलट प्रकारचा : भोक सुईएवढं, पण टोक आत मोडून राहतं आणि हवा दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरते. खिळा खूप तिरका, म्हणजे सरळ रेषेपासून 25 अंशांपेक्षा जास्त कलून गेला असेल, तर एकसंध मशरूम नीट बसत नाही. भोक वेगळं बुजवून आतून वेगळा पॅच लावावा लागतो. आणि दोन पॅच एकमेकांवर चढत असतील तर तो टायर ठेवू नये, मग पंक्चरं दोनच असोत.

हवा नसताना चालवत नेण्याबद्दल. खिळा घुसलेला दिसला पण हवा अजून आहे, तर खिळा उपसू नका. तोच भोक बुजवून बसलाय. हवा मारा आणि हळू चालवत जवळच्या दुकानात जा. एवढ्यापुरतं चालवत नेणं बरोबर. हवा पूर्ण गेल्यावर मात्र रिमची कड साइडवॉलला आतून चिरडत जाते, रबर तापतं आणि धागे आतल्या आत तुटतात. मागे माणूस बसलेला असेल तर हे फार लवकर होतं. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो. उतरवल्यावर आत काळी भुकटी सांडते किंवा साइडवॉलवर गोल घासल्याचा पट्टा दिसतो. भुकटी दिसली की पंक्चर काढायचं नाही, भोक कितीही बारीक असलं तरी. असा टायर दोरी घालून हवा धरतो आणि नंतर कधीतरी वेगात असताना साइडवॉल फाटते.

नक्षीचं थोडक्यात. साइडवॉलवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, ही झीज कुठे बघायची त्याची खूण. त्याच्या रेषेत खाचेत रबराची उंच पट्टी दिसते. नक्षी तिच्या पातळीला आली की पॅचवर पैसे घालू नयेत. पण पट्टीच्या वर असलेला टायरही जुना असू शकतो. टायर कधी बनला ते सांगणारे साइडवॉलवरचे चार आकडे वाचा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या बाइकचे टायर नक्षी असूनही तडकतात. फुगवटा असेल तर टायर बाद, तारीखसुद्धा बघायची गरज नाही.

ट्यूब टाकण्याचा सल्ला ऐकायला स्वस्त वाटतो. स्पोकची चाकं असलेल्या क्लासिक 350 सारख्या बाइकला ट्यूब मुळातच असते, तिथे ट्यूबचा पॅच हीच रीतसर दुरुस्ती. फक्त टायरच्या आतून हात फिरवून काटा काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नये, आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर ट्यूबच बदलावी. पण ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातली की दोघांत घर्षण होऊन उष्णता वाढते, आणि पुढचा खिळा लागताच ट्यूबमधली हवा सगळ्या बाजूंनी एकदम निघून जाते. ट्यूबलेसचा हळू गळण्याचा फायदाच संपतो. शिवाय ज्या कारणाने टायर बाद झाला, ती चीर किंवा तुटलेले धागे तसेच राहतात. ट्यूब त्यांना धरून ठेवत नाही, उलट चिरेतून बाहेर फुगते.

राहिलं जेल. ताजं असेपर्यंत नक्षीतली बारीक भोकं ते खरंच बंद करतं, काट्यांच्या रस्त्यावर ते उपयोगी आहे. साइडवॉलला आणि लांब चिरेला त्याचा उपयोग नाही, आणि कालांतराने ते आत सुकतं. मोठा तोटा असा की खिळा कधी लागला हे कळतच नाही, आणि पाच-सहा खिळे घेऊन टायर फिरत राहतो. जेल भरलंय हे पंक्चरवाल्याला टायर उतरवण्याआधी सांगा. ते पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण सुकवल्याशिवाय पॅच धरत नाही. हवा तपासतानाही व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून काही मिनिटं थांबा आणि मगच गेज लावा, नाहीतर पिनमध्ये जेल अडकतं आणि नंतर तिथूनच हवा गळत राहते.