अपवाद वगळून आवर्तसारणी शिकवता येईल का?

सर, नमस्कार.

मूलद्रव्यांच्या गुणधर्मांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही नाशिकमध्येच अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवता. मुलांना ‘आवर्तात (सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे अणूची त्रिज्या घटते, गणात (उभ्या स्तंभात) खाली वाढते’ एवढं पक्कं झालं की पुरे, अपवादांनी ती गोंधळतात, असं तुमचं मत आहे. फ्लोरिनपेक्षा क्लोरिनची इलेक्ट्रॉन आसक्ती (अणूने इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा) जास्त, हे मी चुकीचं लिहिलं असं तुम्हाला वाटतं. आणि तांबं, चांदी, सोनं समजावताना आलेला सराफ बाजाराचा उल्लेख तुम्हाला विषयाला सोडून वाटला.

आधी फ्लोरिन. लेखातलं विधान बरोबर आहे. वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की फ्लोरिनच्या बाबतीत मोलमागे सुमारे 328 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, क्लोरिनच्या बाबतीत सुमारे 349. फ्लोरिनचं दुसरं कवच इतकं लहान आहे की नव्या इलेक्ट्रॉनला आधीच्या सातांचं प्रतिकर्षण जास्त सोसावं लागतं. तुम्ही पुरावा म्हणून दिलेली विद्युतऋणता ही वेगळी गोष्ट आहे. बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी अणू स्वतःकडे किती ओढतो, ते ती सांगते, आणि त्यात फ्लोरिन पहिला आहे यावर आपलं दुमत नाही. मग आसक्ती कमी असूनही फ्लोरिन क्लोरिनपेक्षा एवढा आक्रमक का? कारण फ्लोरिनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे साधारण 158 किलोज्यूल पुरतात, क्लोरिनला 242 लागतात. शिवाय फ्लोराइड आयन लहान असल्यामुळे तो धातूच्या आयनाला किंवा पाण्याला घट्ट धरतो आणि त्यात भरपूर ऊर्जा सुटते. अभिक्रियेचा जमाखर्च असा सगळ्या पायऱ्या मिळून होतो. एका आकड्यावरून सक्रियता ठरवायची सवय मुलांना लागते, ती मला खरोखर काळजीची वाटते.

आता मुख्य मुद्दा. ज्यांना आपण अपवाद म्हणतो, ते नियमामागच्या कारणांतूनच निघतात. केंद्रकातले प्रोटॉन इलेक्ट्रॉनाला ओढतात, आतली कवचं ती ओढ अडवतात, अंतर वाढलं की ओढ सैलावते, आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. दुसऱ्या आवर्ताची पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये अशी आहे: लिथियम 520, बेरिलियम 899, बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314, फ्लोरिन 1681, निऑन 2081. मुलांना हा आलेख वहीत काढू द्या. दोन ठिकाणी तो खाली येतो आणि ‘असं का?’ हा प्रश्न वर्गात आपोआप येतो. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन 2p कक्षकात (कवचातल्या इलेक्ट्रॉनच्या एका जागेत) जातो. ही पातळी 2s पेक्षा थोडी वरची आहे, म्हणून तो काढणं सोपं जातं. नायट्रोजनच्या तीन p कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन असतो, तर ऑक्सिजनचा चौथा एका कक्षकात जोडीदाराबरोबर राहतो आणि ते प्रतिकर्षण त्याला सुटायला मदत करतं. एवढं कळलं की तिसऱ्या आवर्तात ॲल्युमिनिअम मॅग्नेशिअमच्या खाली आणि गंधक फॉस्फरसच्या खाली का जातं, हे मुलं न सांगता ओळखतात. पाठांतर यात कमीच होतं, सर. अपवादांची वेगळी यादी पाठ करायला लावली, तर मात्र तुमची तक्रार शंभर टक्के रास्त ठरेल.

सराफ बाजार मी मुद्दाम आणला. ‘गणात खाली गेलं की धातू अधिक सक्रिय’ हे वाक्य पहिल्या गणातून घेतलेलं आहे. तिथे आयनीभवन ऊर्जा 520, 496, 419 अशी उतरत जाते आणि पोटॅशिअम पाण्यात पेट घेतं. अकराव्या गणात, म्हणजे तांबं, चांदी आणि सोनं यांत, ते चालत नाही. तांब्याची भांडी उघडी राहिली की काळवंडतात, म्हणून आपण चिंच लावून घासतो. आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं. चांदी हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही, पण गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. सोन्याला यातलं काहीच होत नाही. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोनं मागे राहतं. सोनं विरघळवायला हायड्रोक्लोरिक आम्लाचीही जोड लागते.

यामागचं कारण अभ्यासक्रमाच्या आवाक्यातलंच आहे. आयनीभवन ऊर्जा तांब्याची 745, चांदीची 731, आणि सोन्याची एकदम 890. चांदी ते सोनं या टप्प्यात केंद्रकात 32 प्रोटॉन वाढतात, पण मध्ये भरलेले 4f इलेक्ट्रॉन त्यांची ओढ नीट अडवू शकत नाहीत. त्यात सोन्याचा 6s इलेक्ट्रॉन सापेक्षतेच्या परिणामामुळे (अवजड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनचा वेग फार वाढल्यामुळे) आणखी आत ओढला जातो. म्हणून पूर्ण एक कवच वाढूनही सोन्याचा अणू चांदीएवढाच राहतो, दोघांची धात्वीय त्रिज्या सुमारे 144 पिकोमीटर. तांबं चांदीपेक्षा सक्रिय का, हे मात्र या आकड्यांवरून सुटत नाही. तिथे तांब्याचा लहान, दुप्पट प्रभाराचा आयन ऑक्साइडला आणि पाण्याला किती घट्ट धरतो हे बघावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच जमाखर्च.

ज्या मुलांच्या घरी तांब्याचा गडू आणि आजीची पाटली आहे, त्यांना हा गण डोळ्यांसमोर दिसतो. म्हणून तो भाग लेखात तसाच ठेवतो आहे. तुमच्या सूचनेवरून एक बदल मात्र करतो: इलेक्ट्रॉन आसक्ती आणि विद्युतऋणता यांतला फरक लेखाच्या सुरुवातीलाच, फ्लोरिन-क्लोरिनच्या आकड्यांसकट टाकतो. लिथियमबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत, की सर्वांत प्रबळ क्षपणक (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारा) असून पाण्यात सोडिअमपेक्षा शांत का. त्याचं मानक विभव (जितकं ऋण, तितका पाण्यात इलेक्ट्रॉन देण्याचा कल जास्त) −3.04 व्होल्ट आहे, सोडिअमचं −2.71, कारण लहान लिथियम आयन पाण्याला फार जोरात धरतो. पण विभव अभिक्रियेचा वेग सांगत नाही. सोडिअम 98 अंशांना वितळतं, अभिक्रियेच्याच उष्णतेने त्याचा गोळा होऊन पाण्यावर धावतो आणि ताजा पृष्ठभाग उघडा होत राहतो. लिथियमला वितळायला 180 अंश लागतात, त्यामुळे तो तुकडा घनच राहून हळूहळू संपतो.