कोंडी सुटली की खोकला सुटेल? घोडबंदरच्या एका मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक ग्रुप तर योगासनांच्या वर्गाचा. रुंदीकरणासाठी सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळून टाकण्याआधी ‘आरोग्य परिणाम मूल्यमापन’ करा, म्हणजे त्याने लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते आधी तपासा, अशी मागणी कुणीतरी केली, तिला हे उत्तर. म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरणाची परवानगी घेताना आरोग्य बघितलंच जातं, रस्ता रुंद झाला की कोंडी सुटेल आणि धूर आपोआप कमी होईल, आरोग्यावरचा परिणाम आधी मोजता येत नाही, सगळं अंदाजपंचे, आणि ही परदेशी थेरं इथे आणली तर कामं दहा वर्षं रखडतील. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘विकासाला साथ द्या’.

कोंडीचा वैताग मलाही आहे. उरणच्या बंदराकडून गुजरातला निघालेल्या कंटेनरच्या मागे गायमुखच्या चढावर एकदा अडकलं की माणूस कुठल्याही रुंदीकरणाला हात वर करतो. तरीही मेसेजमधला एकही मुद्दा टिकत नाही.

पहिला मुद्दा परवानगीचा. 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार कोणत्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी ठरलेली आहे, आणि रस्ता आहे म्हणून तो यादीत येतोच असं नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणालासुद्धा 2013च्या दुरुस्तीनंतर लांबी 100 किलोमीटरपेक्षा जास्त आणि जादा जागेची रुंदीही ठरावीक मर्यादेबाहेर असेल तरच ती मंजुरी लागते. कापूरबावडी ते गायमुख अंतर दहा-अकरा किलोमीटर. बांधकामांचंही तसंच. मोठ्या गृहसंकुलांना मंजुरी लागते, पण त्या अधिसूचनेतच त्यांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. आता समजा पर्यावरणाचं मूल्यमापन झालं. त्यात मुख्य प्रश्न काय असतो? हवा मर्यादेत आहे का? आपल्याकडे पीएम 2.5ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये सुचवलेली 5. म्हणजे कागदावर ‘मर्यादेत’ असलेली हवा फुफ्फुसाला कशी वाटते, हा प्रश्न तिथे सहसा निघतच नाही. आरोग्याचं मूल्यमापन तिथून पुढे सुरू होतं. त्रास कुणाला होणार, किती, आणि तो कमी करायला आराखड्यात काय बदलता येईल? 1999मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला अशा मूल्यमापनाची जी व्याख्या ठरली, तिच्यात ‘लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल’ याच्या जोडीला ‘तो परिणाम लोकांमध्ये कसा विभागला जाईल’ हेही बघायला सांगितलंय. मला त्या व्याख्येतला हा दुसरा भागच जास्त मोलाचा वाटतो.

आता कोंडी सुटली की धूर जाईल, हा दुसरा मुद्दा. मेसेजचा खरा जीव इथे आहे, कारण तो पटतो. उभ्या गाडीचा धूर वाया जातो, पळती गाडी निघून जाते. अर्धं खरं आहे. पण मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे उड्डाणपूल होताना आपण हेच ऐकलं होतं. अमेरिकी शहरांवरच्या 2011च्या एका अभ्यासात असं दिसलं की रस्त्याच्या मार्गिका जितक्या वाढल्या, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांची धाव वाढली. शिवाय धूर म्हणजे फक्त सायलेन्सरमधून येतो तो नव्हे. ब्रेक आणि टायर झिजून उडणारी धूळ गाडी पळाली तरी उडतेच, इलेक्ट्रिक गाडीचीसुद्धा. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर पुसून दोन दिवस होत नाहीत तोवर बोटाला चिकटेल असा काळा थर येतो. तो झाडूने जात नाही, साबणाचं पाणीच लागतं.

आणि धुराइतकाच अंतराचाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने 2010मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मोठ्या रस्त्यापासून 300 ते 500 मीटरच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा प्रभाव सर्वांत जास्त असतो, आणि मुलांचा दमा उफाळण्याशी त्याचा कार्यकारण संबंध मानायला पुरेसा पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आता घोडबंदरच्या कुठल्याही गेटवर उभं राहून 300 मीटर डोळ्यांनीच मोजा. शाळा, प्रसूतिगृह, पाळणाघर, ज्येष्ठांचा कट्टा, सगळं त्यात बसतं. सर्व्हिस रोड ही गेट आणि ट्रकच्या मधली जागा होती. ती मुख्य रस्त्यात गेली की ट्रक गेटच्या जवळ सरकतो, आणि त्याचा वेगही वाढलेला असतो.

वेगाचा हिशेब मेसेजमध्ये कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ताशी 50 वरून 65 किलोमीटर झाला, तर तिची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. सकाळी पावणेसातला आमच्या गेटसमोर स्कूलबस सर्व्हिस रोडवर थांबते. वॉचमन काठी आडवी धरून दुचाकी अडवतो, मुलं पाण्याच्या बाटल्या सांभाळत चढतात, मागचा रिक्षावाला हॉर्न देतो पण थांबतो. सर्व्हिस रोड गेल्यावर ती बस कुठे थांबणार? मी एका अधिकाऱ्यांना विचारलं होतं. ‘बस-बे येईल,’ म्हणाले. कुठे, ते नकाशावर दाखवता आलं नाही.

आमच्या मजल्यावरच्या आजींचं तर वेगळंच. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस साधारण सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 30 मीटर रुंद रस्त्याला 25 सेकंद. आजींच्या हातात काठी, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी त्यांच्याबरोबर एकदा घड्याळ लावून चाललो. त्यांचा वेग याच्या निम्मासुद्धा भरला नाही. पादचारी पूल आहे ना, असं म्हणू नका. त्याच्या पायऱ्या बघूनच त्या पलीकडच्या भाजीवाल्याकडे जायचं सोडून ॲपवरून भाजी मागवायला लागल्या. रोजचं चालणं गेलं, त्यासोबत दोन ओळखीच्या बायकांशी होणाऱ्या गप्पाही गेल्या. हाही आरोग्यावरचा परिणामच, आणि तो हवेच्या कुठल्याही यंत्रात दिसणार नाही.

तिसरा मुद्दा, हे सगळं अंदाजपंचे. असेल. पण वीस वर्षांनी या रस्त्यावर किती गाड्या धावतील हाही अंदाजच, आणि त्याच आकड्यावर शेकडो कोटींचं काम मंजूर होतं. गाड्यांचा अंदाज म्हणजे अभियांत्रिकी आणि माणसांचा अंदाज म्हणजे थापा, हे कसं?

राहिलं रखडणं. इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने एक उदाहरण मीच देतो. थायलंडने 2007च्या राज्यघटनेत घातक प्रकल्पांसाठी आरोग्याचं मूल्यमापन बंधनकारक केलं, आणि 2009मध्ये मापताफुटच्या औद्योगिक पट्ट्यातले 76 प्रकल्प न्यायालयाने थांबवले. अपिलानंतरही 65 थांबलेलेच राहिले. गाजलेलं प्रकरण आहे. पण ते थांबले ते मूल्यमापन न करता पुढे गेले म्हणून.

उलटं उदाहरण तर ठाण्याच्या वेशीपासून फार लांब नाही. मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरं दिली गेली. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015मध्ये म्हटलं होतं. तरीही लोकांना तिकडेच पाठवणं चालू राहिलं. शेवटी 2019मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कुणावर माहुलची सक्ती करू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा 15,000 रुपये भाडं द्या. त्या इमारतींचा पाया खणण्याआधी ‘इथे माणसं राहतील तेव्हा काय होईल’ एवढा एक प्रश्न विचारायला किती आठवडे लागले असते?

कारण झटपट मूल्यमापन आठवड्यांतच होतं. त्याला नवी प्रयोगशाळा लागत नाही. 300 मीटरच्या आतल्या शाळा-दवाखान्यांची यादी, अपघातांची पोलिसांकडची नोंद, आजूबाजूच्या दवाखान्यांतले दम्याचे रुग्ण, आणि रस्ता ओलांडणाऱ्या लोकांशी बोलणं. यातून रस्ता रद्द व्हावाच असं नाही. बस-बे आधी नकाशावर येईल, दुभाजकात थांबायला जागा मिळेल, जड वाहनांच्या वेळा शाळेच्या वेळांपासून लांब जातील, सिग्नलचे सेकंद आजींच्या चालीने मोजले जातील. वेल्सने 2017मध्ये सार्वजनिक संस्थांसाठी अशा मूल्यमापनाची तरतूद कायद्यातच केली. आपल्याकडे कायदा नसला तरी ते करायला महापालिकेला कुणी अडवलेलं नाही.

मेसेज पाठवणारे काका आमच्याच सोसायटीतले, बी विंगचे. त्यांचा नातू पावणेसातच्या त्याच बसने जातो.